विहिरीला विचारलेला प्रश्न

विसूभाऊ दाण्यांच्या घरासाठी मी संडासाचा नकाशा काढला आणि त्यात खाली काहीच दाखवलं नाही.

भिंती होत्या, दार होतं, वर झरोका होता. पाय ठेवायच्या दोन जागा अगदी मापात होत्या. मधलं भोकसुद्धा होतं. भोकाखाली कोरा कागद.

याला कारण होतं. त्याआधी अकरा वर्षं मी रेल्वेच्या नकाशाघरात बसून फक्त डब्यांचे नकाशे काढत होतो. डब्याच्या संडासाला खाली काही काढावं लागत नाही. खाली रूळ असतात आणि गाडी पुढे निघून जाते. घर पुढे निघून जात नाही, एवढं माझ्या लक्षात आलं नाही. ही चूक भर गर्दीत कुणी दाखवून दिली ते सांगेनच, पण आधी विसूभाऊ. माझ्या चुका पुष्कळ आहेत, त्या कुठेही भेटतील. विसूभाऊ आता कुठे भेटायचे नाहीत.

स्वातंत्र्याला पंधरा-सोळा वर्षं झाली असतील तेव्हा मी बदलीवर झाशीला आलो. खंडेराव गेटच्या आत एका उतरत्या गल्लीत आम्हाला दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. गल्लीत मराठी घरं दोनच. एक आमचं, आणि भिंतीला भिंत लागून दाण्यांचं. दाणी चार पिढ्या झाशीचे. त्यांच्या मराठीत न्हाणी, माजघर, शेतखाना असे माझ्या आजोबांच्या तोंडचे शब्द असायचे, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून ‘जी’ आणि ‘भैया’ बसलेले असायचे. ‘भैया, जरा माजघरातून पाट आणा’ असं वाक्य मी आयुष्यात त्या एकाच घरात ऐकलं.

विसूभाऊ दिसायच्या आधी ऐकू यायचे. त्यांच्या हातात एक लाकडी पेटी असे, आत कप्पे, कप्प्यांत काचेच्या बाटल्या. ते चढाने यायला लागले की बाटल्या एकमेकींना लागून किणकिण करायच्या. देवळातून कुणी लहानशी घंटा चालवत आणावी तसा तो आवाज गल्लीच्या खालच्या टोकापासून वर येत राहायचा. मग एक उंच, किंचित वाकलेला, खाकी अर्ध्या चड्डीतला माणूस वळणावर दिसायचा. तो रस्त्याकडे बघत नसे. कशाकडे बघत असे हे मला कधी कळलं नाही.

ते इंजिनांच्या शेडमध्ये पाणी तपासायला होते. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकंच पाणी लागतं, आणि वाटेल ते पाणी चालत नाही. जड पाणी असलं की बॉयलरच्या नळ्यांत आतून दगडासारखी खपली धरते आणि इंजिनाचा जीव जातो. म्हणून रोज विसूभाऊ टाकीचं, तलावाचं, बॉयलरमधलं पाणी बाटलीत घ्यायचे, त्यात साबणाच्या द्रावणाचे थेंब सोडायचे, बूच लावून बाटली हलवायचे आणि बघायचे, फेस टिकतो की बसतो. थोड्या थेंबांत फेस टिकला तर पाणी हलकं. बसत राहिला तर जड.

एकदा मी त्यांना शेडमध्ये बघायला गेलो होतो. संध्याकाळ व्हायला आली होती. चार-पाच इंजिनं उभी होती आणि त्यांच्या वाफेतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या जात होत्या, त्यामुळे सगळी शेडच पाण्याखाली गेल्यासारखी वाटत होती. माणसं हळूहळू हलत होती. पाणी भरायच्या खांबाची लांब सोंड एका इंजिनावर वाकली होती. आणि विसूभाऊ एका बाकड्यावर बसून हलवलेली बाटली कानाला लावून डोळे मिटून ऐकत होते.

“काय ऐकताय?” मी विचारलं.

“फेस बसतोय का ते.”

“ते दिसतं की.”

“दिसतं त्याच्या आधी ऐकू येतं,” ते म्हणाले. मग डोळे उघडून बाटली उन्हात धरली. आतला फेस सोन्याचा झाला. “बर्वे, पाणी आपण होऊन काही सांगत नाही हो. विचारावं लागतं. आणि जेवढं विचाराल तेवढंच सांगतं.”

हे वाक्य ते नेहमी म्हणायचे. मी ते घरी येऊन बायकोला, सुधाला, माझंच म्हणून ऐकवलं. ती म्हणाली, “मग पाण्याला विचारा, बाजारातून कोथिंबीर का नाही आणली.”

दाण्यांच्या मागच्या अंगणात विहीर होती. ती तीन घरांची मिळून: दाणी, आम्ही आणि पलीकडचे चौबेजी. विसूभाऊंचा त्या विहिरीवर फार जीव. शेडमधल्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी तिचं पाणी तपासलं होतं आणि अवघ्या काही थेंबांत फेस असा उभा राहिला होता की शेडमधल्या साहेबांनीही बाटली हातात घेऊन बघितली. “आपल्या विहिरीचं पाणी बॉयलरमध्ये घातलं तर इंजिन शंभर वर्षं चालेल,” असं ते पाहुण्यांना सांगत. लग्नाकार्याला बाहेर गेले तर घरचं पाणी बरोबर नेत. लोक हसायचे, ‘आले इंजिनाचं पाणी पिणारे’. ते रागावत नसत. उलट समोरच्याला एक घोट देत आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत, जणू आता त्याच्या चेहऱ्यावर फेस उभा राहणार आहे.

गल्लीत ती विहीर उत्तम मानली जायची, ती विसूभाऊंच्या शब्दावर.

त्यांचे दोन मुलगे गेले होते. मी यायच्या आधी. एक दीड वर्षाचा होऊन, एक त्याहूनही लहान असताना. दोघंही पावसाळ्यात, दोघंही हगवणीने, दोन-दोन दिवसांत. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोने, इंदूवहिनींनी, एकदा डाळ निवडता निवडता सुधाला सांगितलं आणि पुढचा खडा वेचला.

राहिली होती ती कुसुम. सगळे तिला कुशी म्हणत. मी आलो तेव्हा चार वर्षांची. मोठे डोळे, बारीक मनगटं, आणि दर पंधरा दिवसांनी पोट बिघडलेलं. बोलायची मात्र खणखणीत आणि अर्धं हिंदीत. घरात मराठी कळायची सगळी, पण उत्तर गल्लीच्या भाषेत.

दर महिन्याला एका रविवारी विसूभाऊ तिला सायकलच्या दांडीवर बसवून स्टेशनच्या पार्सल ऑफिसात न्यायचे आणि तिथल्या मोठ्या काट्यावर उभी करायचे. तिथे आंब्याच्या करंड्या, तुपाचे डबे, बांधलेल्या सायकली, आणि मध्ये फ्रॉक धरून उभी असलेली कुशी. पार्सलबाबू गंभीर चेहऱ्याने काटा सरकवायचे आणि विचारायचे, “कहाँ भेजना है?”

“कहीं नहीं,” कुशी म्हणायची. “घर.”

“तो टिकट लगेगा.”

“हम पापा के साथ आए हैं.”

हे दर महिन्याला असंच व्हायचं आणि दोघांपैकी कुणी हसायचं नाही. विसूभाऊ खिशातल्या चोपडीत वजन लिहून ठेवत. मी एक-दोनदा बरोबर गेलो. हा एक लाड आहे, अशी माझी समजूत होती. ती चोपडी कशासाठी आहे हे मला पुढच्या पावसाळ्यात कळलं.

त्या वर्षी श्रावणात इंदूवहिनींच्या भावाने कुशीला बबिन्याला नेलं. भाऊ फौजेत, छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहणारा. घरात नळ, संडास लांब आणि पाण्याने धुतला जाणारा. पोरगी तिथे सहा आठवडे राहिली. परत आली त्या रविवारी आम्ही काट्यावर गेलो. पार्सलबाबूंनी काटा सरकवला, आणखी सरकवला, आणि म्हणाले, “दानी जी, इस बार माल बढ़ गया.”

मी हसलो. विसूभाऊ हसले नाहीत. त्यांनी चोपडी काढली आणि तिथेच करंड्यांच्या मध्ये उभे राहून मागची पानं चाळली. एक, दोन, तीन पावसाळे. दर पावसाळ्यात वजन उतरलेलं. आंब्यांचा हंगाम संपला होता तरी करंड्यांना वास होता. फलाटावर गाडी लागत होती आणि वाफेचा एक ढग दारातून आत येऊन आमच्या पायांशी विरघळला.

“बर्वे,” ते म्हणाले, “मी तिला इंजिनाचा प्रश्न विचारला.”

“कुणाला? कुशीला?”

“विहिरीला.”

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, चहा घेऊ या.

त्यानंतरच्या आठवड्यात मी जे केलं ते मी आजवर लपवून ठेवलेलं आहे, म्हणजे ते सगळ्या झाशीला माहीत आहे. विसूभाऊंनी मला सदर बाजारातून जाड्या मिठाचं अर्धं पोतं आणायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. मी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीच्या खिडकीतून मी पाहिलं, विसूभाऊ सोवळं नेसल्यासारखा पंचा नेसून मागच्या शेतखान्याच्या, म्हणजे संडासाच्या, मोरीत ओंजळीने मीठ सोडताहेत, वर बादलीने पाणी ओतताहेत आणि ओठ हलताहेत. ते किती ओंजळी झाल्या हे मोजत होते. मला वाटलं, मंत्र.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. फक्त सुधाला सांगितलं. सुधानेही कुणाला सांगितलं नाही, फक्त चौबेजींच्या बायकोला, चौबाइनला, सांगितलं. दुपारपर्यंत गल्लीत ठरलं होतं की दोन पोरं गेल्यामुळे दानीजींच्या डोक्यावर परिणाम झाला आहे आणि ते विहिरीवर टोटका, म्हणजे जादूटोणा, करताहेत.

तो शेतखाना कसा होता हे सांगायला हवं. तेव्हा सगळ्यांचे तसेच होते. अंगणाच्या कोपऱ्यात उंचावर बांधलेली खोली, खाली टोपली, आणि गल्लीकडून एक लहान दार. रामकली नावाची बाई रोज सकाळी त्या दाराने ते सगळं काढून डोक्यावर घेऊन जायची. तिथलं धुवायचं पाणी एका कच्च्या मोरीतून अंगणाच्या कडेने वाहायचं. मोरी आणि विहीर यांत सात-आठ पावलांचं अंतर. पावसाळ्यात त्या पावलांवरही पाणी असायचं.

तिसऱ्या दिवसापासून विसूभाऊ रोज सकाळी विहिरीचं पाणी एका बाटलीत घ्यायचे आणि तिला चिठ्ठी लावून कोनाड्यात ठेवायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी चौबेजी आणि गल्लीतली आठ-दहा माणसं दाण्यांच्या ओसरीपुढे आली. मी मागे उभा राहिलो. टोटक्याची बातमी कुठून आली असेल, याचं मलाही नवल वाटत असल्यासारखा चेहरा केला होता.

“दानी जी,” चौबेजी म्हणाले, “कुआँ तीन घर का है. उसमें क्या डाला?”

“कुएँ में कुछ नहीं डाला, चौबे जी. मोरी में डाला. नमक.”

“नमक क्यों?”

विसूभाऊ आत गेले आणि पेटी घेऊन आले. ओसरीच्या कठड्यावर त्यांनी बाटल्या ओळीने मांडल्या. मावळतीचं ऊन नेमकं त्या कठड्यावर यायचं. सगळ्या बाटल्या सारख्या, स्वच्छ, पेटलेल्या. मग त्यांनी एक गडद रंगाची कुपी काढली. शेडमध्ये बॉयलरच्या पाण्यात खार किती आहे हे बघायला ते औषध होतं. चांदीपासून केलेलं. खार असेल तिथे ते पांढरं होतं.

पहिल्या बाटलीत त्यांनी एक थेंब सोडला. थेंब पडला तिथे धुरासारखं काहीतरी आलं आणि गेलं. “हे मीठ टाकायच्या आधीचं.”

दुसऱ्या बाटलीत थोडा धूर जास्त. तिसऱ्यातही. शेवटच्या बाटलीत थेंब पडला आणि एक पांढरा ढग उलगडत उलगडत खाली गेला, अगदी सावकाश. तळाला लागून तो वर वळला आणि सगळी बाटली दुधासारखी झाली. इतकं सुंदर काही मी त्या गल्लीत पाहिलं नव्हतं. ते काय आहे हे कळायला मला क्षण लागला.

“आज सकाळचं,” विसूभाऊ म्हणाले. “मोरीतलं मीठ चार दिवसांत विहिरीत आलं. मिठाला वाट मिळाली. आमच्याकडे खडक आहे, खडकाला भेगा आहेत. आणि मोरीत फक्त मीठ नसतं.” हे ते मराठीत बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. गल्लीतल्या सगळ्यांना कळलं.

चौबेजींनी सावकाश विचारलं, “आप ही तो कहते थे, अव्वल पानी है.”

“मैं ही कहता था.”

एवढंच. आवाज चढला नाही, उतरला नाही. इंदूवहिनी माजघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी त्या पांढऱ्या बाटलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि आत गेल्या. थोड्या वेळाने आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून त्या घरात न उकळलेलं पाणी कुणी प्यालं नाही. प्यायचं पाणी गेटजवळच्या सरकारी नळाचं, उकळून, झाकून, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचं. हात बुडवायचा नाही. विहीर भांड्यांना आणि झाडांना.

चौबेजी मात्र आपल्या मतावरून हलले नाहीत. “हमारे परदादा ने यही पानी पिया है,” ते जाताना म्हणाले.

“किती भावंडं होती त्यांना? जगली किती?” विसूभाऊंनी विचारलं. टोमणा म्हणून नाही. ते पाण्याला विचारायचे तसं विचारलं.

चौबेजींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मधेच मूठ मिटली. मग ते गेले.

आता शेतखाना. तो विहिरीपासून लांब न्यायचा, टोपली बंद करायची, खाली खड्डे करून पाण्याने वाहून नेणारा संडास करायचा, हे विसूभाऊंनी ठरवलं. दोन खड्डे, एक भरला की दुसरा. अडचण अशी की दाण्यांचा प्लॉट लांबट आणि विहीर मागे. विहिरीपासून पुरेशी लांब आणि उताराच्या बाजूची जागा घरात एकच होती: पुढची ओसरी. जिथे कठड्यावर ऊन यायचं, जिथे ते बाटल्या मांडून बसायचे, जिथे आल्यागेल्याला पाट मिळायचा. दिंडी दरवाजातून आत आलं की डाव्या हाताला पहिलं काय, तर संडास.

हे ऐकून गल्लीने टोटकाही माफ केला. हे त्याहून मोठं होतं. नातेवाइकांची पत्रं आली. ग्वाल्हेरच्या एका चुलत्याने लिहिलं की यापुढे आम्ही तुमच्याकडे मागच्या दाराने येऊ. मीसुद्धा शहाणपणाने म्हणालो, “विसूभाऊ, निदान ओसरी ठेवा. लोक काय म्हणतील?”

उत्तर आतून इंदूवहिनींनी दिलं. “लोक हसतील. हसू देत. हसून घेतल्याने कुणाचं पोर मरत नाही.”

 प्रायश्चित्त म्हणून नकाशा फुकट काढून द्यायचं कबूल केलं. नकाशाघराच्या उत्तम कागदावर, शाईने, कोपऱ्यात सही. रविवारी सकाळी ओसरीवर पाच-सहा माणसांसमोर तो पसरला. गवंडी होता, विसूभाऊ होते, वहिनी होत्या. चौबेजी ‘सहज’ आले होते. दाराबाहेर पायरीखाली रामकली उभी होती. नवा संडास झाला की तिचं या घरचं काम संपणार, म्हणून विसूभाऊंनी तिला आधी बोलावून सांगितलं होतं. शेडमध्ये इंजिनांची राख पडते त्या खड्ड्यावर बायका लागतात, तिथे तिचं नाव त्यांनी दिलं होतं.

मी उंची सांगितली, रुंदी सांगितली, झरोक्यातून हवा कशी खेळेल ते हाताने दाखवलं. सगळे माना डोलवत होते. रामकलीने बाहेरूनच मान लांबवून कागद पाहिला.

“भैया जू,” ती म्हणाली, “और जो नीचे गिरहै, सो कितै जैहै?”

खाली पडेल ते जाईल कुठे. वाचता येत नसलेल्या त्या बाईला तो नकाशा एका नजरेत वाचता आला, कारण खाली जे पडतं ते कुठे जातं, हे त्या सगळ्यांत फक्त तिला माहीत होतं. गवंड्याने तोंड फिरवलं. चौबेजींना खोकला आला.

“रामकली बराबर विचारते,” विसूभाऊ म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि पायरीवर जाऊन बसले, तिच्यापासून एका हातावर. “तुम बताओ. कितना होता है एक घर का? साल भर का?” आणि ती सांगत गेली. टोपल्यांच्या हिशेबात, पावसाळ्यातलं, उन्हाळ्यातलं, माणसं वाढल्यावरचं. ते माझ्या सुंदर कागदावर, कोऱ्या जागेत, दोन खड्डे काढत गेले. खोली तिने सांगितलेली. मी नकाशावरची माझी सही खोडली.

“तुम्हारा काम जाएगा,” ते तिला म्हणाले. “बुरा लगता है?”

“मूड़ पै राख धरें, चाए जौ,” ती म्हणाली, “राख में बास तौ नईं आउत.” डोक्यावर हे काय नि राख काय, राखेला वास तरी येत नाही.

काम दीड महिना चाललं. भोकाखाली वाकडा मुर्गा बसवला. मुर्गा म्हणजे चिनी मातीची ती वळलेली नळी, जिच्या वळणात पाणी अडून राहतं आणि वास, माशा वर येत नाहीत. विसूभाऊ त्या वळणातल्या तळहाताएवढ्या पाण्याकडे अर्धा तास बघत बसले होते. “एवढंसं पाणी,” ते म्हणाले, “दिवसभर पहारा देतं. कुणी त्याच्याकडे बघतही नाही.” ओसरीचा कठडा गेला. जुनी मोरी बुजवली.

मग पुढचा पावसाळा आला. खरं म्हणजे गोष्ट इथेच होती आणि इथे सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. आषाढ गेला. श्रावण गेला. दाण्यांच्या घरात डॉक्टर आला नाही. विसूभाऊ कामावरून यायचे, बाटल्यांची किणकिण गल्ली चढून यायची, आणि दाराशी आल्यावर थांबायची. ते आत जायच्या आधी क्षणभर कान देऊन उभे राहत. आत कुशीचा आवाज येत असे, कुणाशी तरी भांडणाचा. मग ते आत जात. त्या चार महिन्यांत मी त्यांना एकदाही मोठ्याने बोलताना ऐकलं नाही, जणू जोरात बोललं तर काहीतरी जागं होईल.

भाद्रपद संपताना आम्ही काट्यावर गेलो. कुशी चढून उभी राहिली. पार्सलबाबूंनी काटा सरकवला, थांबले, पुन्हा सरकवला. “दानी जी, अब इसे मालगाड़ी से भेजना पड़ेगा.”

“हम नहीं जाएँगे,” कुशी म्हणाली.

विसूभाऊंनी चोपडी काढली. लिहायला लागले आणि पेन्सिल तशीच धरून उभे राहिले. ते दोन-चार पावलं चालत फलाटावर गेले आणि आमच्याकडे पाठ करून एका उभ्या इंजिनाकडे बघत राहिले. इंजिन पाणी घेत होतं. वरून सांडलेलं पाणी उन्हात चमकत बाजूने ओघळत होतं. मी त्यांच्याकडे जाणार होतो. पार्सलबाबूंनी माझ्या दंडाला धरलं.

चौबेजींनी शेवटपर्यंत काही कबूल केलं नाही. पण त्यांना नातू झाला तेव्हा चौबाइन रोज दुपारी पदराखाली एक तांब्या घेऊन मागच्या दाराने इंदूवहिनींकडे यायच्या आणि उकळलेलं पाणी भरून न्यायच्या. दोन वर्षांनी चौबेजींनी संडास बांधला. पुढेच. दिंडीच्या उजव्या हाताला.

माझी बदली झाली. मग बरीच वर्षं गेली, वाफेची इंजिनं गेली, शेडमधल्या त्या बाकड्याचं काय झालं मला माहीत नाही. मी निवृत्त होऊन वाईला राहायला आलो होतो. एकदा दिल्लीहून परतताना झाशीला उतरलो. दुपारची वेळ. गल्ली माझ्या आठवणीतल्यापेक्षा अरुंद आणि जास्त चढाची.

दिंडी उघडी होती. विसूभाऊ आत, संडासाच्या भिंतीला टेकवलेल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. फार बारीक झाले होते. डोळे उघडे होते आणि ते दारातून पडलेल्या उन्हाच्या तुकड्याकडे बघत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. इंदूवहिनी जाऊन वर्ष झालं होतं. आतून रेडिओचा आवाज येत होता, भांडी लागत होती, आणि एक पोर खिदळत होतं.

कुशी बाहेर आली. दणकट, गोल चेहऱ्याची बाई, कडेवर आठ-नऊ महिन्यांचा मुलगा. त्याच्या मनगटांना वळ्या पडलेल्या. मागून आणखी एक मुलगी, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. “काका, आप? बसा ना,” ती म्हणाली. “बाबांना आता ऐकूच जास्त येतं, दिसत कमी.” मी त्या दोन पोरांकडे बघत राहिलो. विसूभाऊंच्या हातात माझा हात होता आणि त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर हळूहळू फिरत होता.

प्रवासातून आलो होतो, त्यामुळे मला आधी डाव्या हाताच्या दाराने आत जावं लागलं. आत गार होतं. वर झरोका, मी काढला होता तसाच. खाली वळणात ते एवढंसं पाणी, झरोक्यातलं आकाश धरून. मी तिथे उगीच जास्त वेळ उभा राहिलो. डोळे भरून आले. माणसाला भरून यायला जागा निवडता येत नाही.

बाहेर आलो. विसूभाऊंनी माझ्या चाहुलीकडे तोंड वळवलं होतं. उन्हाचा तुकडा त्यांच्या पायांवर आला होता. कुशी समोर उभी होती आणि कडेवरचा मुलगा माझ्याकडे बघून हसला. मला राहवलं नाही. मी दोन्ही हात पसरले आणि त्याला घ्यायला पुढे झालो.

कुशी एक पाऊल मागे सरली.

“काका, आधी हात धुऊन या,” ती म्हणाली. “नळाचा आवाज आला नाही.”